वाढ कुठे अडते?

दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी मोजायला दोन माणसं लागतात. एकीने डोकं पाटीच्या वरच्या फळीला टेकवून दोन्ही कानांपाशी हलकेच धरायचं, दुसरीने गुडघे दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळपायाला लावायची. मूल रडतं, कंबर उचलतं, पाय आखडून घेतं. एका अंगणवाडीत मी हे पाहत बसलो होतो. सेविकेने तीन वेळा मोजलं, तेव्हा कुठे आकडा पक्का झाला: ७८ सेंटिमीटर. मुलीला दोन वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस होते. वजन ९ किलो २०० ग्रॅम, म्हणजे वाढीच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात. आई निर्धास्त होती. ‘‘बारीक आहे, पण चपळ आहे. आमच्यात सगळे ठेंगणेच,’’ ती म्हणाली.

दोन वर्षांच्या मुलीची लांबी सरासरी ८६.४ सेंटिमीटर असते. ८० च्या खाली गेली, तर वाढ खुंटली असं मानतात. ७८ सेंटिमीटर ही सव्वा वर्षाच्या मुलीची लांबी झाली. वजन मात्र त्या लांबीला साजेसं, त्यामुळे पाहणाऱ्याला ती लहानशी, नीटनेटकी, निरोगी मुलगी दिसते. हाडं दिसणारं, डोळे खोल गेलेलं मूल लगेच ओळखू येतं आणि त्याच्यासाठी धावपळही होते. ठेंगणं राहिलेलं मूल गर्दीत मिसळून जातं, कारण शेजारची मुलंही तेवढीच असतात.

२०२२ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे १४ कोटी ८० लाख मुलं अशी होती. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये हे प्रमाण ४८ टक्के होतं, २०१५-१६ मध्ये ३८.४ आणि २०१९-२१ मध्ये ३५.५. पोषण अभियानाने २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं होतं. महाराष्ट्र तर शेवटच्या दोन पाहण्यांमध्ये जागचा हललाच नाही: ३४.४ आणि मग ३५.२. मुंबई-पुण्याचं दरडोई उत्पन्न डोळ्यांपुढे ठेवून हा आकडा वाचला की वाटतं, यात नुसत्या रिकाम्या पोटापलीकडचं काहीतरी आहे. ते काय, याचा शोध गेली पन्नास-साठ वर्षं चालू आहे.

आधी त्या आईच्या वाक्याचा विचार करू. ‘आमच्यात सगळे ठेंगणेच’ हे म्हणणं मोठमोठ्या विद्वानांनीही मांडलं आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना पुढे आणली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राची धुरा वाहिलेले डॉ. पां. वा. सुखात्मे त्याच काळात पुण्यातून सांगत होते की, माणसाची अन्नाची गरज एकच एक आकडा नसते, ती रोज खालीवर होते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित धरू नये. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या मुद्द्यात तथ्य होतं. पण ‘जुळवून घेतं’ या शब्दात किंमत दडलेली आहे, आणि तिच्यावर बोट ठेवलं ते पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी. श्रीमंतांची मुलं त्याच देशात, त्याच वंशात उंच होतात, मग लहानपण गरिबांनाच का मानवावं, असा त्यांचा सवाल होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीचे नवे तक्ते काढले. त्यासाठी सहा देशांतली मुलं वर्षानुवर्षं मोजली होती आणि त्यात दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांची मुलंही होती. नॉर्वेतल्या, ओमानमधल्या, घानातल्या मुलांच्या बरोबरीने ती वाढली. २०१३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अरविंद पानगढिया यांनी हे तक्ते भारतीयांना लावण्यावर पुन्हा आक्षेप घेतला आणि बराच वाद झाला. माझ्या मते पाच वर्षांपर्यंतच्या वाढीपुरता तो प्रश्न दिल्लीच्या मुलांनी निकालात काढला आहे. दोन सख्ख्या भावांच्या उंचीत आनुवंशिकता बोलते. एका आख्ख्या तालुक्यातली मुलं खुजी राहतात तेव्हा नाही.

मग वाढ नेमकी कुठे अडते?

उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पातळ थरात. तिथल्या पेशी दुणावतात, फुगतात आणि आपल्यामागे नवं हाड सोडत जातात. या पेशींना कामाला लावणारा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून निघतो. त्याला आपण वाढीचं संप्रेरक म्हणतो. पण हाडापर्यंत पोचायला त्या हुकमाला मुख्यतः यकृताचा आधार लागतो. संप्रेरक पाहून यकृत आयजीएफ-१ नावाचं प्रथिन तयार करतं आणि ते कूर्चेला चालना देतं. कुपोषित मुलाच्या रक्तात वाढीचं संप्रेरक कमी नसतं, उलट अनेकदा जास्तच असतं. कमी असतं ते आयजीएफ-१. हुकूम सुटतो, यकृत तो मानत नाही. म्हणूनच कुपोषणाने खुंटलेल्या मुलाला संप्रेरकाची इंजेक्शनं हा उपाय नव्हे.

यकृत हुकूम मानत नाही, कारण त्याच्याकडे दुसऱ्या बातम्या आलेल्या असतात. अन्न अपुरं असलं की इन्शुलिन उतरतं. प्रथिनं कमी पडली की यकृत स्वतःच एफजीएफ-२१ नावाचा संदेश सोडतं आणि तो वाढीच्या संप्रेरकाची धार बोथट करतो. शरीरात कुठे बारीक दाह धुमसत असला, तर इंटरल्युकिन-६ सारखे दाहाचे निरोपे त्यात भर घालतात. शिवाय प्रत्येक पेशीत एमटॉर नावाची एक यंत्रणा असते, टोळीच्या मुकादमासारखी. आवश्यक अमिनो आम्लं हजर आहेत का ते पाहायचं आणि मगच प्रथिनं बांधायचं काम सुरू करायचं, हा तिचा शिरस्ता. माणसं कमी पडली की मुकादम काम थांबवतो.

या सगळ्यामागे शरीराचा एक हिशेब आहे. लहान मुलाचा मेंदू अफाट खादाड असतो. पाच वर्षांच्या आसपास शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त तो एकटा घेतो. हृदय थांबवता येत नाही, संसर्गाशी झुंज टाळता येत नाही. टाळता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, लांबी. म्हणून शरीर आधी तिथला खर्च बंद करतं. जन्माच्या वेळी ५० सेंटिमीटर असलेलं बाळ पहिल्या वर्षात २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात साधारण १२. एवढा वेग पुढे कधीच नसतो, आणि नेमक्या याच दिवसांत काम बंद पडलं तर राहिलेलं पुढे फार थोडं भरून निघतं.

या बंद कामाला कुठल्या अन्नाची कमतरता जबाबदार, यावर पोषणशास्त्राने अनेकदा मत बदललं आहे. १९५०-६० च्या दशकांत सगळा भर प्रथिनांवर होता. सत्तरच्या दशकात सुखात्मे आणि गोपालन, एरवी एकमेकांचे विरोधक, एका गोष्टीवर साधारण एकत्र आले: खरी टंचाई एकूण अन्नाची आहे, कारण उष्मांकच कमी पडले तर शरीर प्रथिनंही सरपणासारखी जाळून टाकतं. मग सूक्ष्म पोषकद्रव्यांचा जमाना आला. जस्त देऊन पाहिलं. दिवसाला १० मिलिग्रॅम याप्रमाणे सहा महिने दिल्यावर उंचीत सरासरी ०.३७ सेंटिमीटरची भर पडली. परिणाम खरा, पण चिमूटभर. लोह किंवा अ जीवनसत्त्व एकेकटं देऊन रक्त सुधारतं, डोळे वाचतात, उंची हलत नाही. आणि २०१६ मध्ये गाडी पुन्हा प्रथिनांवर आली, पण आता प्रश्न किती हा नव्हता, कसली हा होता. मलावीतल्या ३१३ मुलांच्या रक्ताची तपासणी झाली. त्यात खुंटलेल्या मुलांमध्ये नऊच्या नऊ आवश्यक अमिनो आम्लं इतरांपेक्षा कमी निघाली. ही मुलं मुख्यतः मक्यावर वाढत होती. पोट भरत होतं, मुकादमाची हजेरी भरत नव्हती.

आता आपल्याकडची वाटी पाहू. सहाव्या महिन्यात उष्टावण होतं, चांदीची वाटी निघते, खिरीचं बोट लावलं जातं. दुसऱ्या दिवसापासून काय? अनेक घरांत वरणाचं पाणी, भाताची पेज, आणि वर्षाच्या आत चहात बुडवलेलं बिस्कीट. आठ महिन्यांच्या मुलाला अंगावरच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० कॅलरी बाहेरून लागतात. त्याचं पोट वाटी-सव्वा वाटीचं. वाटीभर पातळ पेजेत पन्नास कॅलरीही भरत नाहीत. मूल पोट भरून, समाधानाने झोपतं, आणि आईला तिचं काहीच चुकलेलं दिसत नाही. ‘वरणाचं पाणी ताकदीचं’ ही समजूत किती मुलांची उंची खाऊन बसली असेल! डाळ तळाशी राहते, पाणी बाळाला जातं. तेच वरण घट्ट घोटून, भातात कालवून, वर चमचाभर तेल किंवा तूप सोडलं तर त्या एका चमच्यानेच पंचेचाळीस कॅलरी वाढतात.

घट्ट पेज बाळाला गिळवत नाही, ही आयांची अडचण खरी आहे. त्यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून होता. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवलेलं पीठ. मोड येताना धान्यात अमायलेझ हे विकर तयार होतं. अशा पिठाचा चमचाभर भाग घट्ट लापशीत घातला की ती काही मिनिटांत पातळ होते, पण आतलं अन्न तेवढंच राहतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी यावर तपशीलवार काम केलं. मोडामुळे फायटेटही कमी होतं, त्यामुळे लोह आणि जस्त शरीराला जास्त मिळतं. एवढी स्वस्त, एवढी ओळखीची युक्ती घरोघरी का पोचली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंड्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यात नऊही अमिनो आम्लं योग्य प्रमाणात असतात. शिवाय कोलीन, जस्त, ब-१२. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा वाढ खुंटण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलेलं होतं. मलावीत तसाच प्रयोग केला तर फरक पडला नाही. या प्रयोगातली मुलं आधीच मासे खात होती आणि त्यांच्यात खुंटलेली थोडीच होती. अंड्यात जादू नाही. जिथे ताटात दुसरं काही पूर्ण प्रथिन नाही, तिथे ते काम करतं. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत सात महिन्यांपासूनच्या मुलांना आठवड्यातून चार वेळा उकडलेलं अंडं किंवा केळं देण्याची तरतूद आहे. अंडं न खाणाऱ्यांसाठी केळं हा पर्याय वरवर ठीक वाटतो, पण केळ्याने अंड्याची जागा भरत नाही. तिथे दूध, दही, शेंगदाणे, घट्ट डाळ असा पर्याय हवा.

ताटातून पोटात गेलं म्हणजे शरीराला मिळालं, असंही नाही. उघड्यावरची विष्ठा, शेणमातीत रांगणं, कोंबड्यांच्या पायाखालचं अंगण यांतून लहान मूल सतत जंतू गिळतं. जुलाब होतीलच असं नाही. पण आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे झिजून बोथट होतात, भिंत गळकी होते, जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि तो मघाशी सांगितलेला बारीक दाह धुमसत राहतो. अन्न कमी शोषलं जातं आणि जे शोषलं जातं त्यातलं बरंच या लढाईत खर्च होतं. अर्थात यावरून अनेकांनी शौचालय हाच उपाय ठरवला. मग बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे इथे मोठे प्रयोग झाले. २०१८-१९ मध्ये त्यांचे निकाल आले ते धक्का देणारे होते. शौचालय, हात धुणं, पाणी शुद्ध करणं एवढ्यानेच उंची वाढली नाही. झिम्बाब्वेत पूरक आहार आणि आईला भरवण्याचं शिक्षण मिळालेल्या गटात खुंटलेल्या मुलांचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून २७ वर आलं. नुसत्या स्वच्छतेच्या गटात काहीच फरक नाही. याचा अर्थ शौचालयं नकोत असा कुणी काढू नये. मला त्यातून एवढंच दिसतं की अर्धवट स्वच्छता आतड्यापर्यंत पोचत नाही. गावातली चार घरं सोडून बाकीच्यांनी शौचालय बांधलं तर अंगण स्वच्छ होत नाही.

आतड्यातल्या जंतूंवर ढाक्यात वेगळंच काम चालू आहे. कुपोषित मुलांच्या आतड्यातली जंतूंची वस्ती वयाच्या मानाने अपरिपक्व राहते, असं तिथे आढळलं. हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्चं केळं यांचं एक मिश्रण त्या वस्तीला सावरण्यासाठी बनवलं गेलं. २०२१ च्या निष्कर्षांत नेहमीच्या पोषक पाकिटापेक्षा उष्मांक कमी असूनही त्या मिश्रणाने मुलांचं वजन चांगलं वाढलं. ही मुलं मुख्यतः कृश होती, आणि उंचीवरचा परिणाम अजून सिद्ध व्हायचा आहे. पण त्या मिश्रणात आपल्या चिवड्यात आणि पिठल्यात नसलेलं काय आहे?

इथवर मुलाबद्दल बोललो. पण खुंटलेल्या मुलांपैकी बरीच जन्मतःच लहान असतात, आणि या बाबतीत पुण्याने जगाला जे दाखवलं ते आपण महाराष्ट्रात पुरेसं वाचलेलं नाही. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भारपणाआधीपासून बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. या आया सरासरी १५२ सेंटिमीटर उंच, अंगाने बारीक, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी जवळजवळ तेवढीच टिकून होती. बाळाची लांबी-वजन आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी जास्त जोडलेलं निघालं. दोनतृतीयांश आयांमध्ये ब-१२ ची कमतरता होती. ज्या आयांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद देईनासं झालं होतं. आपण गर्भवतीला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या नेमाने देतो, आणि त्या द्यायलाच हव्यात. पण त्यांत ब-१२ नसतं.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून चाललेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने यातून पुढचं पाऊल टाकलं. पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला रोजचा खाऊ बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून दिला. ज्यांनी किमान तीन महिने आधी सुरुवात केली, त्यांच्यात कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण ४१ ऐवजी ३४ टक्के राहिलं. फायदा झाला तो मुख्यतः फार बारीक नसलेल्या आयांना. म्हणजे अगदी कृश मुलीसाठी तीन महिनेही उशिराचेच ठरतात.

याची दुसरी बाजू मधुमेहाशी जाऊन भिडते. दिल्लीत जन्मापासून पाहणीखाली असलेल्या मुलांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तान्हेपणी बारीक असलेली आणि पुढे बालपणभर उंचीच्या मानाने वजन वाढत गेलेली मुलं तरुणपणी मधुमेहाकडे झुकली होती. म्हणून खुंटलेल्या मुलाला कुरकुऱ्यांचं पाकीट, साखर आणि पामतेल देऊन ‘वजन वाढवणं’ हा उपाय नव्हे, तो पुढचा आजार पेरणं आहे. उंची वाढवणारं अन्न आणि चरबी वाढवणारं अन्न वेगळं असतं. नुसतं वजन मोजणाऱ्या तक्त्याला हा फरक कळत नाही.

योग्य वेळी योग्य अन्न मिळालं तर काय होतं, हे ग्वाटेमालात दिसलं. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या दोन खेड्यांत प्रथिनयुक्त पेय दिलं, दुसऱ्या दोन खेड्यांत प्रथिन नसलेलं सरबत. ज्या मुलग्यांना पहिल्या दोन वर्षांत प्रथिनयुक्त पेय मिळालं, त्यांची मोठेपणीची तासाची कमाई दुसऱ्यांपेक्षा ४६ टक्के जास्त निघाली.

आपल्या राज्यातही आशा वाटावी असं घडून गेलं आहे. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. गडचिरोली, अमरावती, नंदुरबार, नाशिक, ठाणे या जिल्ह्यांपासून सुरुवात करून गर्भारपण आणि पहिली दोन वर्षं यांवर सगळा जोर लावला गेला. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं वाढ खुंटण्याचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत २३ वर आलेलं दिसलं. श्रेय एकट्या मिशनला देता येणार नाही. त्याच वर्षांत मुलींचं शिक्षण वाढलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. पण लक्ष कुठे द्यायचं हे त्या वर्षांनी बरोबर ओळखलं होतं. नंतर आपण पुन्हा वजनाकडे आणि पाकिटांकडे वळलो.

ज्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही असा एक वर्ग राहतोच. दिवाळीनंतर बीड-जालन्याहून ऊसतोडीला, कोयत्यावर निघालेल्या आईच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ असतं. सहा महिने ते दोन वर्षं या काळातले दोन हंगाम त्याचे फडात जातात. आई पहाटे चारला बाहेर पडते, बाळाला कोपीत आठ वर्षांची बहीण सांभाळते, खायला सकाळची भाकरी आणि उसाचं कांडं. या मुलाच्या वाढीला कुठलं अमिनो आम्ल कमी पडलं, हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याला दिवसातून चार-पाच वेळा भरवायला एक मोकळं माणूस आणि घट्ट अन्नाची वाटी हवी. फडावर पाळणाघर आणि गरम आहार ही साखर कारखान्यांकडून कायद्याने घ्यावी अशी जबाबदारी आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. मुलाला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मोजायला न्याल तेव्हा फक्त वजन ऐकून परत येऊ नका. लांबी किती भरली आणि तीन महिन्यांपूर्वी किती होती, ते विचारा. दुसऱ्या वर्षात महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ व्हायला हवी. तीन महिन्यांत दीडही झाली नसेल तर मूल कितीही चपळ दिसो, त्याला डॉक्टरांकडे न्या आणि त्याची वाटी बदला. आणि घरात अठरा-वीस वर्षांची मुलगी किंवा नवी सून असेल, तर दूध, अंडं आणि पालेभाजी आधी तिच्या ताटात वाढा.